थोरलीचं नाक

चौकाच्या कोपऱ्यावर दोन दुकानं एकमेकांना चिकटून होती आणि दोन्हींवर मिळून पाटी एकच होती. सासऱ्यांच्या वेळची, लांबलचक, पत्र्याची. दुकानाच्या मधोमध भिंत घातली तेव्हा ती पाटी कापायचं दोन्ही भावांच्या जिवावर आलं, म्हणून ती तशीच राहिली. वाटणी झाली ती अशी, की ‘किराणा’ हा शब्द थोरलीच्या दारावर आला आणि ‘माल’ हा धाकटीच्या. येणारेजाणारे त्यावरून चिकार हसायचे. दोघी जावा मात्र हसायच्या नाहीत. चौदा वर्षं त्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या.

थोरली लग्न होऊन या घरात आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, आणि दुकानाशी तिचा संबंध दुपारी सासऱ्यांना चहा नेऊन देण्यापुरता. सासरे कडक माणूस. दोन मुलगे हाताशी होते. मोठा, म्हणजे तिचा नवरा, मापात चोख आणि मितभाषी; धाकटा बोलघेवडा, गिऱ्हाइकाला हसत ठेवणारा. पण माल पारखायची बुद्धी दोघांनाही नव्हती, आणि त्याचं सासऱ्यांना मनातून फार वाईट वाटायचं.

एका दुपारी ती चहा घेऊन आली आणि पोत्यांच्या थप्पीपाशी थबकली.

“बाबा, या पोत्याला काहीतरी झालंय.”

सासऱ्यांनी हात घातला. तांदूळ कोरडा ठणठणीत, दाणा स्वच्छ.

“काय झालंय?”

“वास येतोय. जुन्या फडक्यासारखा.”

“मी चाळीस वर्षं तांदूळ विकतोय सूनबाई.”

ती खाली मान घालून निघून गेली. पण सासऱ्यांना ते बोलणं टोचत राहिलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते पोतं जमिनीवर ओतायला लावलं. तळाशी वीतभर तांदूळ भिजून काळा पडला होता. तिसऱ्या दिवशी तराजूच्या शेजारी एक उंच स्टूल येऊन बसलं आणि त्यांनी सुनेला हाक मारली. “इथं बस. उद्यापासून चहा धाकटा आणेल.”

त्या स्टुलावर ती जवळजवळ पन्नास वर्षं बसली.

तिच्या नाकाची कीर्ती हळूहळू गल्लीभर झाली. डाळीला कीड लागायच्या पंधरा दिवस आधी तिला कळायचं. पिठाचा कुबट वास आणि आंबूस वास यांत ती फरक करायची, आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात हे समजावून सांगायची. चहात शिळी भुकटी मिसळली असेल तर ती डबा उघडून लगेच बंद करायची आणि घाऊक व्यापाऱ्याच्या माणसाला म्हणायची, “हा तुमच्या मालकांना घरी प्यायला द्या.” माल उतरवणारे हमाल तिला घाबरायचे. आया आपल्या घरून दुधाची पातेली झाकून आणायच्या आणि विचारायच्या, “नासेल का हो संध्याकाळपर्यंत?” दूध तिच्या दुकानात मिळतही नव्हतं, पण ती वास घेऊन सांगायची. तिच्या दुकानातून नेलेली वस्तू कुणी परत आणली असं कधी झालं नाही, आणि या एका गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. जरा जास्तच होता, असं धाकटी पुढे म्हणाली.

धाकटी आली ती थोरलीनंतर आठ वर्षांनी. हसरी, चटकन रडणारी, तितक्याच चटकन विसरणारी. पहिली काही वर्षं दोघींचं इतकं गूळपीठ होतं, की सासू म्हणायची, या बहिणी चुकून वेगवेगळ्या घरांत जन्मल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी मागच्या बाजूला साखरेच्या पोत्यांवर बसून नवऱ्यांच्या नकला करायच्या.

मग सासरे गेले आणि भावांचं बिनसलं. धाकट्याला पोती काढून टाकून काचेची कपाटं हवी होती. पाकिटातला माल, वह्या, खेळणी, शाम्पू. मोठ्याला त्यातलं काहीच नको होतं. वर्षभर धुसफूस चालली आणि शेवटी दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहिली. एका विटेची भिंत. इकडे कुणी शिंकलं तर तिकडे ऐकू जायचं. तरी जावा बोलत होत्या. चोरून, मागच्या दारी, नळापाशी.

ते बोलणं थांबलं थोरलीचा नवरा गेला त्या दिवशी. तो सकाळी शटर उघडताना खाली बसला आणि उठलाच नाही. धाकटी रडत, धावत दारात आली, आणि थोरलीच्या तोंडून, कसं कोण जाणे, निघून गेलं, “आता भिंत पाडायला आलीस का?”

घरात पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. धाकटी उंबऱ्यावरूनच परत फिरली.

शब्द मागे घ्यायला थोरलीला पहिले आठ दिवस सुचलं नाही, मग लाज वाटली, आणि मग लाजेचा हट्ट झाला. बघता बघता चौदा वर्षं गेली. भिंतीपलीकडे धाकटीचा रेडिओ लागायचा तो तिला ऐकू यायचा. दिराचे गुडघे गेले, तो घरी बसला, धाकटी एकटीच दुकान बघू लागली, हेही तिला भिंतीतूनच कळलं.

मधल्या काळात थोरलीची लेक शिकून दूरच्या शहरात नोकरीला गेली. मोठ्या रस्त्यावर चकचकीत, दोन मजली, थंड हवेचं दुकान झालं, आणि थोरलीचं एक तृतीयांश गिऱ्हाईक तिकडे गेलं. तिनं कुरकुर केली नाही. उरलेल्यांत म्हातारी माणसं होती, घाईत असलेल्या नोकरदार बायका होत्या आणि डबे पुरवणाऱ्या एक बाई होत्या, ज्या रोज चाळीस माणसांचं जेवण करायच्या आणि म्हणायच्या, “थोरलीकडचा माल असला की मी डोळे मिटून फोडणी देते.”

सदुसष्टाव्या वर्षी, थंडीत, तिला ताप आला. साधाच ताप; चार दिवस अंथरुणात, पाचव्या दिवशी दुकानात. तिनं सवयीनं चहाचा डबा उघडला, तोंड खाली नेलं, आणि काहीच आलं नाही.

सर्दी असेल म्हणून तिनं डबा बंद केला. दुपारी पुन्हा उघडला. मग हळद, मग साबण, मग रॉकेलची बाटली. रॉकेलसुद्धा पाण्यासारखं. ती बराच वेळ बाटली नाकाशी धरून उभी होती, दुकानात आलेल्या बाईनं विचारलं, “काय झालं हो?” तर म्हणाली, “झाकण घट्ट बसत नाहीये.”

डॉक्टरांनी तिच्या नाकात विजेरीचा उजेड पाडून पाहिलं. “तापानं होतं असं कधी कधी. परत येईलही, नाहीही येणार. तब्येत तशी ठीक आहे ना? मग झालं तर.”

ती घरी आली आणि तिनं कुणालाच सांगितलं नाही. लेकीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, दुकान बंद कर. गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे तर स्वतःच्या हातानं पाटी उतरवल्यासारखं. दोन-चार महिन्यांत येईल परत, तोवर निभावून नेऊ, असं तिनं ठरवलं.

आणि तिनं निभावलंही. तांदूळ दाताखाली फोडून बघायची. डाळ मुठीत दाबून गारवा बघायची. पिठात बोट खुपसून त्याचं भोक ढासळतं की राहतं ते बघायची. कोणता डबा कधी फोडला ते पाठ ठेवायची. शिवाय तिनं एक युक्ती काढली. गिऱ्हाइकासमोर डबा उघडून ती म्हणायची, “घ्या बरं वास. सांगा कसा आहे.” लोकांना वाटायचं, थोरली आपल्याला शिकवतेय. ते ऐटीत वास घ्यायचे, माना डोलवायचे. “फक्कड!” म्हणायचे. थोरली हसायची आणि मनातून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

असे चार महिने गेले. जेवणात चव उरली नव्हती. भाकरी काय आणि पुठ्ठा काय, सारखंच. ती वाळली. लेक फोनवर विचारायची, “आवाज का असा?” तर म्हणायची, “फोन जुना झालाय.”

मग एके दिवशी मास्तर आले.

मास्तर म्हणजे समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्त गणिताचे शिक्षक. वय एक्याऐंशी. दर सोमवारी कापडी पिशवी घेऊन यायचे, मोजक्या सात वस्तू न्यायचे आणि त्या नेहमी त्याच क्रमानं सांगायचे. त्या सोमवारी त्यांनी तीनच वस्तू सांगितल्या.

“बाकीच्या?” थोरलीनं विचारलं.

“नकोत. खाणं कमी झालंय वहिनी. तोंडाची चव गेलीय.”

“गेली म्हणजे? काहीच लागत नाही?”

“लागतं ना. सगळं कडू लागतं. आमटी कडू, भाजी कडू. भात तेवढा बरा लागतो. डॉक्टरला जीभ दाखवली. तो म्हणतो, जीभ ठीक आहे. औषधं बदलून दिली, तरी तेच. म्हातारपण दुसरं काय.” त्यांचा शर्ट खांद्यावरून लोंबत होता हे तिला आत्ता दिसलं. “तीन आठवडे झाले. मी म्हटलं, एकेक गोष्ट जायची वेळ आलीय.”

भात बरा लागतो. आमटी, भाजी कडू. थोरली तेलाच्या डब्याकडे बघत राहिली. मोठा पत्र्याचा डबा, खाली तोटी लावलेला. सुटं तेल घेणारी गिऱ्हाइकं थोडी, पण कायमची. हा डबा तिनं बरोब्बर तीन आठवड्यांपूर्वी फोडला होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “तेल कडू लागतंय असं नाही वाटलं तुम्हाला?”

मास्तर हसले. “तेल तुमच्याकडचं वहिनी. ते कसं खराब असेल? म्हणून तर कळलं, की आपलीच जीभ बिघडलीय.”

ते गेले. थोरलीनं वाटीत थोडं तेल काढलं. बोट बुडवून जिभेला लावलं. बुळबुळीत, बाकी काही नाही. नाकाशी नेलं, काही नाही. रंग चांगला, पारदर्शक. दुकानात त्या घडीला कुणी नव्हतं. समोरच्या रस्त्यावर माणसं होती, त्यातल्या कुणालाही हाक मारून “घ्या बरं वास” म्हणता आलं असतं. पण हे त्या खेळातलं नव्हतं. खरं सांगणारं माणूस हवं होतं, तोंडदेखलं बोलणारं नको होतं. आणि चौदा वर्षं जिच्याशी आपण बोललो नाही, ती काही आपलं मन राखायला जाणार नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात क्षणात झाला.

ती वाटी घेऊन भिंतीच्या पलीकडे गेली.

धाकटी काउंटरवर वह्यांचे गठ्ठे लावत होती. थोरलीला बघून तिच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

“जरा वास घे,” थोरली म्हणाली.

धाकटीनं वाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. वाटी हातात घेतली नाही.

“घ्यायची गरज नाही. खवट आहे.”

“न घेता कशी म्हणतेस?”

“पंधरा दिवस भिंतीपलीकडून येतोय वास. डोकं उठतं माझं.”

थोरली बाकावर बसली. “मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार?” धाकटीचा आवाज चढला. “चौदा वर्षांनी येऊन काय सांगू, की तुमचं तेल खराब झालंय? पुन्हा चारचौघांत ऐकवलं असतंत.” तिनं हातातला गठ्ठा खाली ठेवला. “आणि खरं सांगू? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्हाला कळत नाही असं कसं होईल? वाटलं, तुम्ही पण शेवटी इतरांसारख्याच झालात. खपवताय.”

हे मात्र थोरलीला सहन झालं नाही. मास्तरांचं बोलणं तिनं कसंबसं गिळलं होतं. आता ती वाटी मांडीवर धरून रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलासारखी, तेल साडीवर सांडतंय याचंही भान नाही.

“मला वास येत नाही गं,” ती म्हणाली. “ताप आला होता तेव्हापासून. काही म्हणजे काही येत नाही.”

धाकटी काउंटरच्या बाहेर आली. आधी तिनं वाटी काढून घेतली, मग साडीवर राख टाकायची की पावडर याचा विचार करत क्षणभर उभी राहिली, आणि मग शेजारी बसून स्वतःही रडू लागली. शाम्पू घ्यायला आलेला एक गृहस्थ दारातूनच परत गेला.

रडून झाल्यावर थोरलीनं डोळे पुसले आणि म्हणाली, “अठरा घरांत गेलंय हे तेल.”

“मग?”

“मग काय. जायला हवं.”

“फोन करा.”

“फोनवर नाही सांगता येत असलं.”

त्याच दिवशी दुपारी दोन्ही दुकानांची शटरं खाली आली. नवा डबा दोघींनी फोडला. धाकटीनं वास घेतला, “हे चांगलं आहे,” म्हणाली. आणि दोन कॅन भरून त्या निघाल्या. कॅन धाकटीनं उचलले, कारण थोरलीच्या खांद्यात ताकद राहिली नव्हती. प्रत्येक दारात थोरली तेच वाक्य बोलायची. “तुम्हाला दिलेलं तेल खवट होतं. मला कळलं नाही, कारण मला आता वास येत नाही. ते टाकून द्या, हे घ्या.” पहिल्या दारात हे बोलताना ती दोनदा अडखळली. सहाव्या दारापर्यंत सवय झाली.

काहींनी ते तेल आधीच फेकलं होतं आणि भीड म्हणून गप्प बसले होते. काहींच्या लक्षातही आलं नव्हतं. एका घरी नवराबायकोचं त्या तेलावरून भांडण होऊन गेलं होतं. नवरा म्हणत होता तू भाजी करपवतेस. त्या बाईनं थोरलीला आत ओढलं, नवऱ्यासमोर उभं केलं आणि सगळं पुन्हा बोलायला लावलं. डबे पुरवणाऱ्या बाईंनी मात्र दार अर्धंच उघडलं.

“माझे चार डबे बंद झाले या महिन्यात,” त्या म्हणाल्या. “मी स्वयंपाकघर धुऊन काढलं, भांडी बदलली. तुमच्यावर संशय नाही घेतला. तुम्ही एक शब्द सांगितला असतात चार महिन्यांपूर्वी, तर मी स्वतः वास घेतला असता ना?”

बाईंनी नवं तेल घेतलं नाही. त्या पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं असं थोरली कधी म्हणाली नाही.

मास्तरांचा जिना सगळ्यात शेवटी. दुसऱ्या मजल्यावर थोरलीला धाप लागली, ती पायरीवर टेकली. धाकटी कॅन खाली ठेवून कठड्याला टेकून उभी राहिली.

“त्या दिवशी,” थोरली म्हणाली, “मी तुला दारात जे बोलले...”

“राहू दे ताई.”

“नाही. आज सगळीकडे कबूल करत फिरतेच आहे, तर हेही. मला तेव्हा कुणावर तरी ओरडायचं होतं. तू समोर आलीस. दुसरं कुणी आलं असतं तर त्याच्यावर ओरडले असते. पण तुझ्यासारखं धावत दुसरं कुणी आलं नाही.”

धाकटीनं पदरानं नाक पुसलं. “मी घरी जाऊन ह्यांना म्हटलं, ताईंना माझी गरज नाही.” मग म्हणाली, “तुम्ही उशीर फार करता हो सगळ्यालाच. उठा.”

मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, घातला. आणि मग एकदम भडकले.

“तीन आठवडे! तीन आठवडे मी मरायची तयारी करतोय! पुस्तकं कुणाला द्यायची त्याची यादीसुद्धा केली मी!”

“चुकलं मास्तर.”

“जीभ ठीक आहे म्हणजे माझी?”

“तेल खराब होतं. जीभ ठीकच असणार.”

मास्तर खोलीत दोन फेऱ्या मारून आले. राग ओसरत होता, आणि त्याच्या जागी जे येत होतं ते त्यांना लपवता येईना. “थांबा,” ते म्हणाले, “त्या नव्या तेलात मी एक अंडं तळून बघतो.” दोघींना बसवून त्यांनी खरोखर अंडं तळलं आणि उभ्याउभ्याच खाल्लं. मग दुसरं तळलं.

बातमी लेकीपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. ती रजा टाकून आली, आईला बघून हबकली आणि म्हणाली, “बस झालं. बंद कर आता. वास येत नाही तर दुकान कसं चालवणार तू?”

थोरलीलाही तेच वाटत होतं. ती “हो” म्हणणारच होती, तेवढ्यात मागच्या दारातून धाकटी आली. तिच्या हातात स्वतःच्या दुकानातलं एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं. ते तिनं तराजूच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

“माल सकाळी सात वाजता येतो ना?” ती म्हणाली. “माझं दुकान नऊला उघडतं. दोन तास मला काम नसतं.”

लेक आईकडे बघत राहिली. आई जावेकडे.

“तुला जमेल?” थोरलीनं विचारलं.

“वास घेणंच ना? श्वास तर घेतेच की.”

पण ते इतकं सोपं नव्हतं. धाकटीचं नाक तिखट होतं, भाषा मात्र दोनच शब्दांची. ‘बरा’ आणि ‘वाईट’. पहिल्या दिवशी तिनं पिठाचं पोतं हुंगून “वाईट” म्हटलं.

“वाईट म्हणजे कसा?”

“वाईट म्हणजे वाईट.”

“अगं, ओल लागलीय, की जुनं आहे, की शेजारी काही उग्र ठेवलं होतं? तिन्हींचे वास वेगळे. कशासारखा येतोय सांग.”

धाकटीनं डोळे मिटले. “आपल्या मोठ्या नणंदेच्या कपाटासारखा.”

त्या कपाटात डांबराच्या गोळ्या असायच्या हे दोघींना ठाऊक होतं. थोरलीनं माल आणणाऱ्याला विचारलं, तर गाडीत आधी गोळ्यांची खोकी होती असं निघालं. पोतं परत गेलं. तेव्हापासून दोघींची वेगळीच परिभाषा तयार झाली. ‘पावसाळी चप्पल’, ‘बंद खोली’, ‘दिराचं मलम’. ऐकणाऱ्याला वाटायचं या गमतीत बोलतायत. थोरलीला आता वास कळत नव्हता. पण पन्नास वर्षांत जमवलेली वासाची कारणं तिच्या डोक्यात होती, आणि धाकटीनं वर्णन केलं की ती त्या कारणापर्यंत बरोबर पोचायची.

घाऊक व्यापाऱ्याचा माणूस एकदा मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “तुमचं नाक गेलं म्हणे, थोरल्या वहिनी.”

“गेलं ना,” ती म्हणाली. “त्या बाजूच्या स्टुलावर दुसरं बसवलंय. ते माझ्यापेक्षा भांडखोर आहे.”

दारावर तिनं स्वतःच्या हातानं लिहून एक पुठ्ठा लावला, ‘दुकानदाराला वास येत नाही. माल नेण्याआधी वास घ्यावा.’ लेकीनं तो बघून कपाळाला हात लावला. काही गिऱ्हाइकं त्या पुठ्ठ्यामुळे गेली. काही त्यामुळेच आली. उत्सुकतेनं आली आणि टिकली. सुटं तेल विकणं थोरलीनं कायमचं बंद केलं. चौकशी केली कुणी, तर तेल घ्यायला ती त्यांना धाकटीकडे, बंद बाटलीसाठी पाठवायची.

दुकान आणखी चार वर्षं चाललं. एकाहत्तराव्या वर्षी तिला स्वतःलाच वाटलं, की आता पोती हलवणं झेपत नाही, आणि एका महिना-अखेरीला तिनं ते बंद केलं. रडारड झाली नाही. मास्तर पंच्याऐंशी वर्षांचे होते, त्यांनी सात वस्तू शेवटच्या नेल्या आणि म्हणाले, “आता मला नवीन क्रम पाठ करावा लागणार.” धाकटीनं आपलं दुकान आणखी सहा महिने रेटलं आणि मग तिनंही भाड्यानं देऊन टाकलं. दोघी राहायच्या दुकानांच्याच इमारतीत, खालीवर. सकाळी खालच्या ओट्यावर ऊन यायचं, तिथं बसायच्या.

पण लोकांची सवय सुटेना. मोठ्या दुकानातून येताना बायका पिशव्या घेऊन ओट्यापाशी थांबायच्या. “बघा बरं हा तांदूळ.” धाकटी हुंगायची, थोरली प्रश्न विचारायची, आणि दोघींचं एकमत झालं की निकाल लागायचा. “परत करा,” असा निकाल लागला, की बाई तशीच मागे फिरून मोठ्या रस्त्याला लागायची.

दोन-तीन महिन्यांनी टाय लावलेला एक माणूस ओट्यापाशी आला. मोठ्या दुकानाचा व्यवस्थापक. चाळिशीचा, घामाघूम, बोलायला अदबशीर.

“आमच्याकडे माल परत येतोय फार,” तो म्हणाला. “विचारलं की सगळे म्हणतात, ओट्यावरच्या बायकांनी सांगितलं.”

“मग माल चांगला ठेवा,” धाकटी म्हणाली.

“तेच म्हणायला आलोय. म्हणजे... परत आलेला माल आम्ही उघडून पाहिला. तुमचं बरोबर होतं. कुठे चुकतंय ते आमच्या लोकांना कळत नाहीये. तुम्ही एकदा येऊन बघाल का? तांदळाचा विभाग फक्त.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या दुकानात थोरलीनं आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

“सकाळी येऊ,” ती म्हणाली. “दुपारनंतर हिचं नाक थकतं.”

दुसऱ्या दिवशी दोघी चालत निघाल्या. काचेचं दार आपोआप उघडलं तेव्हा थोरली दचकून एक पाऊल मागे आली, मग आत गेली. व्यवस्थापक तांदळाच्या दिशेनं पुढे चालला होता. पण थोरली दुसऱ्याच रांगेपाशी थांबली. खालच्या फळीवर साबणाच्या वड्या रचल्या होत्या, आणि बरोबर वरच्या फळीवर चहा.

“अहो,” तिनं हाक मारली, “हे कुणी लावलं?”

व्यवस्थापक मागे आला.

“साबणाशेजारी चहा? आठवड्यात सगळा चहा अंघोळीला निघेल.”

“ताई,” धाकटीनं तिचं कोपर ओढलं, “आपल्याला तांदूळ बघायला बोलावलंय.”

“तांदूळ कुठं पळून जातोय?” थोरलीनं पदर खोचला आणि चहाचं पहिलं खोकं स्वतःच उचललं. “आधी हे हलवू.”